तुमच्या कामाबद्दल कोण बोलू शकेल?

एका राज्य विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या, तिसऱ्या वर्षात असलेल्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: “सर चांगले आहेत, पण त्यांच्याकडे आम्ही आठ जण आहोत आणि विभागप्रमुखपदही त्यांच्याकडेच आहे. महिन्यातून एकदा नीट बोलणं होतं. एक पेपर झाला, त्यात माझं नाव दुसरं. आयसरसारख्या केंद्रीय विज्ञान संस्थेतल्या मैत्रिणींना पुरस्कार मिळतात, त्या परदेशी परिषदांना जातात. मला कोण ओळखणार? मार्गदर्शन करणारं माणूस आणू कुठून? आणि ‘यंग सायंटिस्ट अवॉर्ड’साठी मला मेल येतात, तिथे अर्ज करू का?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. करू नका. ज्या मेलमध्ये तुमच्या पेपरचं शीर्षक टाकून “आपली निवड झाली आहे” असं कळवलेलं असतं आणि खाली नोंदणी शुल्काचा आकडा असतो, ती सरळ विक्री आहे. पुरस्कार खरा आहे की नाही हे पाहायला फार वेळ लागत नाही. निवड समितीवर कोण आहे, आधी कोणाला मिळाला, कोणी शिफारस करावी लागते का, आणि विजेत्याकडून पैसे घेतले जातात का, एवढं पाहा. पाच हजार रुपये भरून आणलेली ट्रॉफी बायोडेटात घातली, तर ज्यांना यातलं कळतं ते बाकीच्या ओळींकडेही संशयाने बघू लागतात. चांगलं काम करणाऱ्या मुलामुलींचं असं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. फेलोशिपच्या पैशांत घर चालवणाऱ्या मुलांना असे मेल पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता मूळ प्रश्न. मीही रसायनशास्त्रातलीच. पुण्यात प्रयोगशाळा चालवते आणि बरीच वर्षं फेलोशिपच्या निवड समित्यांवर काम करते आहे. समितीच्या खोलीत काय घडतं ते सांगते, म्हणजे ओळख कशी तयार होते हे लक्षात येईल.

अर्ज भरपूर असतात. पेपरांची यादी बहुतेकांची सारखीच: दोन, तीन, क्वचित पाच. ती यादी पाहून अगदी वरचे आणि अगदी खालचे अर्ज वेगळे काढता येतात, मधले सगळे एकसारखे दिसतात. मग शिफारसपत्रं उघडली जातात. “सदर विद्यार्थिनी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व नम्र असून तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा” अशी पत्रं लगेच बाजूला पडतात. लिहिणाऱ्याने वाईट काहीच लिहिलेलं नसतं, पण त्याला त्या मुलीचं काम माहीत नाही हे दोन ओळींत कळतं. आणि मग एखादं पत्र असं निघतं (तपशील बदलून सांगते. त्यातला उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, आयसीपी म्हणजे द्रावणातला धातू मोजणारी तपासणी, टीईएम म्हणजे अतिसूक्ष्म कण दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक):

“आमचा पॅलेडियमचा उत्प्रेरक तिसऱ्या वापरानंतर मंदावत होता. पॅलेडियम द्रावणात उतरत असणार असं मी धरून चाललो होतो, पेपरचा मसुदाही तसाच लिहिला होता. हिने अभिक्रिया अर्ध्यावर असताना गरम द्रावण गाळून घेतलं आणि उत्प्रेरक नसताना ती पुढे सरकते का ते पाहिलं. सरकली नाही. आयसीपी तपासणीत द्रावणात पॅलेडियम जवळजवळ नव्हतंच. मग तिने वापरलेला उत्प्रेरक टीईएमखाली पाहिला, तर कण एकमेकांना चिकटून मोठे झाले होते. मसुद्यातला तो परिच्छेद तिने मला बदलायला लावला.”

हे वाचल्यावर खोलीतली चर्चाच बदलते. कोणीतरी विचारतं, “हिचा तो पेपर कुठला?” आणि यादीतला साधासा दिसणारा पेपर उघडून पाहिला जातो. पत्र लिहिणारे सर फार नावाजलेले नसले तरी चालतं. त्यांनी त्या मुलीला विचार करताना पाहिलेलं असतं, ते महत्त्वाचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुम्ही जिथे हजर नसाल तिथे तुमच्या कामाबद्दल नेमकेपणाने बोलू शकतील अशी तीन-चार माणसं पीएच.डी. संपेपर्यंत जोडलेली असली पाहिजेत. त्यातले एक तुमचे सर. बाकीचे तुम्ही स्वतः जोडायचे, आणि मार्गदर्शनही बहुतेक त्यांच्याकडूनच मिळतं. तुम्ही ओळख आणि मार्गदर्शन असे दोन वेगळे प्रश्न विचारले आहेत. माझ्या अनुभवात तो एकच प्रश्न आहे.

सरांपासून सुरुवात करू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. म्हणजे तुमच्या सरांकडची संख्या मर्यादेला टेकली आहे, शिवाय परीक्षा, प्रवेश आणि नॅकच्या मूल्यांकनाचं काम आहेच. महिन्याला मिळणारी एक भेट तक्रार करून दोनवर जाणार नाही. मिळते तीच भरीव करा. भेटीच्या दोन दिवस आधी त्यांच्या हातात एक पान द्या. वर एका वाक्यात, या महिन्यात कोणता प्रश्न सुटला. खाली एकच आलेख किंवा तक्ता. मग काय फसलं. शेवटी पुढचे दोन पर्याय, आणि तुम्हाला त्यातला कोणता बरा वाटतो व का. “सर, पुढे काय करू?” असं विचारलं की कामात बुडालेला माणूस पहिलं सुचेल ते सांगून मोकळा होतो. “हे करू की ते?” असं विचारलं की त्याला विचार करावा लागतो. अशी आठ-दहा पानं साठली की सरांकडे तुमच्या विचारांची नोंदच तयार होते. पुढे पत्र लिहायला बसतील तेव्हा त्यांना मेहनती-नम्र असल्या शब्दांचा आधार घ्यावा लागणार नाही.

दुसरी जागा म्हणजे संशोधन सल्लागार समिती, आपण जिला आरएसी म्हणतो. नियमाप्रमाणे प्रत्येक सत्रात तिच्यापुढे प्रगती मांडायची असते. बहुतेक ठिकाणी हा अर्ध्या तासाचा उपचार होऊन बसतो: वीस स्लाइड, दोन किरकोळ प्रश्न, सह्या, चहा. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तुमच्या कामाकडे बाहेरून पाहणारी माणसं नियमानेच तुमच्यासमोर आणून बसवलेली असतात. बैठकीच्या आठवडाभर आधी त्यांना दोन पानांचं टिपण पाठवा आणि प्रत्येकाला त्यांच्या विषयातला एक खरा प्रश्न विचारा. बैठकीनंतर त्याच संध्याकाळी मेल करा की आपण असं सुचवलंत, मी अमुक करणार आहे, तमुक सध्या जमणार नाही कारण असं. पुढच्या सत्रात पहिली स्लाइड त्या सूचनांचं काय झालं याची ठेवा. दोन सत्रांत ही माणसं तुमचं काम लक्षात ठेवू लागतात. आपली सूचना कोणी मनावर घेतली आणि तिचा निकाल सांगायला परत आलं, हे प्राध्यापकांच्या वाट्याला फार कमी येतं.

तुमची सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप असेल तर आणखी एक संधी आहे. दोन वर्षांनी एसआरएफसाठी, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपसाठी मूल्यमापन होतं आणि त्या समितीत बाहेरचे तज्ज्ञ असतात. सगळ्यांचं लक्ष १ जानेवारी २०२३पासून लागू झालेल्या दरांकडे, म्हणजे महिन्याच्या ३७ हजारांचे ४२ हजार कधी होतात याकडे असतं, आणि ते साहजिक आहे. पण त्या बाहेरच्या तज्ज्ञांनी तुमचं दोन वर्षांचं काम वाचलेलं असतं. त्यांना सहा महिन्यांनी, पेपरचा मसुदा तयार झाल्यावर, एक मेल जायला हवा. तो बहुतेक कोणी पाठवत नाही.

तिसरी जागा कोणाला सुचत नाही: उपकरणं चालवणारी माणसं. पदार्थाची रचना दाखवणारी एनएमआर, एक्सआरडी, टीईएम ही यंत्रं वर्षानुवर्षं चालवणारे तंत्रज्ञ आणि तांत्रिक अधिकारी यांनी शेकडो जणांचे नमुने पाहिलेले असतात. तुमच्या स्पेक्ट्रममधलं, म्हणजे यंत्राने काढलेल्या आलेखातलं, कोणतं शिखर खरं आणि कोणतं द्रावकाचं, हे त्यांना तुमच्या परीक्षकांपेक्षा आधी कळतं. नमुने कुरियरने पाठवू नका, शक्य तेव्हा स्वतः घेऊन जा. आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या सामायिक उपकरण केंद्रांत बाहेरच्या विद्यापीठांचे नमुने तपासून मिळतात, आणि आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या कोणत्या संस्थेत कोणतं उपकरण आहे ते शोधता येतं. तारीख मिळाली की मशीनशेजारी बसायची परवानगी मागा. तिथे रांगेत भेटणारे दुसऱ्या संस्थांतले संशोधक पुढे वर्षानुवर्षं कामी येतात. आयसरमध्ये नसल्याचा तोटा खरा आहे, तो मी नाकारणार नाही. तिथे पाहुणे शास्त्रज्ञ येत राहतात, उपकरणं एकाच इमारतीत असतात. तुम्हाला त्यासाठी प्रवास करावा लागतो. मग तो प्रवास फक्त डेटा आणण्यापुरता ठेवू नका.

एकाच माणसाने सगळं शिकवावं ही अपेक्षा मोठमोठ्यांच्या बाबतीतही पूर्ण झालेली नाही. खोडदच्या जीएमआरटीचे, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या त्या रेडिओ दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप १९५३ साली शिष्यवृत्तीवर सिडनीला गेले, तेव्हा रेडिओ खगोलशास्त्र त्यांना नवीन होतं. तिथले प्रमुख जोसेफ पॉझी यांनी त्यांना आपल्या हाताखाली बांधून ठेवलं नाही. चार वेगवेगळ्या गटांत तीन-तीन महिने काम करायला लावलं. ख्रिश्चन्सेन, मिल्स, वाइल्ड, बोल्टन अशी चार माणसं, चार कामाच्या पद्धती. पुढे पॉट्स हिल इथल्या सहा फुटी ३२ अँटेना मोडीत निघणार असं कळल्यावर त्या भारताला द्याल का, असं या तरुणाने विचारलं, आणि पॉझींनी त्यासाठी शब्द टाकला. त्या अँटेना अखेर कल्याणला आल्या आणि १९६५ साली त्यांतून सूर्याचा वेध घेणारी दुर्बीण उभी राहिली. मार्गदर्शक म्हटलं की मला पॉझी आठवतात. त्यांनी विद्यार्थ्याला इतरांकडे पाठवलं, आणि वेळ आली तेव्हा त्याच्या बाजूने बोलले. तुमच्या सरांना विचारून पाहा: “सर, दुसऱ्या लॅबमध्ये महिनाभर जाऊन हे तंत्र शिकून येऊ का?” पुष्कळ सर आनंदाने हो म्हणतात. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

अनोळखी शास्त्रज्ञाला मेल लिहायचं तंत्रही सांगते. “आपल्या बहुमोल मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे” या धर्तीचे मेल मला जवळजवळ रोज येतात आणि त्यांना उत्तर काय द्यावं हेच कळत नाही. मागे एका मुलाने एवढंच विचारलं होतं: “आपल्या पेपरातला सच्छिद्र आधार मी बनवला. माझ्याकडे चौथ्या वापरानंतर पृष्ठफळ निम्म्यावर येतं, तुमच्याकडे तसं दिसत नाही. मोजण्याआधी नमुना तुम्ही किती तापमानाला आणि किती वेळ डीगॅस केला होता (तापवून त्यातली वाफ-वायू काढले होते)? माझा आलेख सोबत जोडला आहे.” त्याला मी त्याच दिवशी उत्तर दिलं, कारण उत्तर दोन ओळींचं होतं आणि प्रश्नावरून दिसत होतं की त्याने पेपर वाचून काम करून पाहिलं आहे. आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. असा मेल पाठवून उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

आता दुसऱ्या नावाबद्दल. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला मैलोनमैल लांब कागदी नोंदींत एक बारीक, नियमित खूण दिसली. तो पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा होता. पुढच्या वर्षी ‘नेचर’मध्ये आलेल्या पेपरात पहिलं नाव तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांचं आणि दुसरं तिचं. १९७४चं नोबेल ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं, तिला नाही. तो अन्याय होता असंच मी मानते. पण पेपरावर तिचं नाव होतं आणि खूण कोणाला दिसली हे त्या क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक होतं, म्हणून तिचं श्रेय पुसलं गेलं नाही. २०१८ साली तिला ३० लाख डॉलरचा विशेष ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला आणि तिने ती सगळी रक्कम भौतिकशास्त्रात मागे राहिलेल्या गटांतल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली.

तुमचं दुसरं नाव कमीपणाचं नाही, पण पुढच्या पेपराच्या वेळी बोलणं आधी करा. प्रयोग संपल्यावर आणि मसुदा फिरू लागल्यावर लेखकक्रमाचा विषय काढला की तो भांडणासारखा वाटतो. सुरुवातीलाच विचारा: “सर, याचा पेपर झाला तर नावं कशी लागतील असं तुम्हाला वाटतं? पहिलं नाव माझं व्हायला माझ्याकडून कोणता भाग पूर्ण व्हायला हवा?” हा प्रश्न उद्धट नाही. जे ठरेल ते त्या महिन्याच्या पानावर एका ओळीत लिहा. पुष्कळ जर्नलं आता क्रेडिट पद्धतीने कोणी काय केलं ते छापतात. संकल्पना, प्रयोग, विश्लेषण, पहिला मसुदा अशा १४ भूमिका त्यात आहेत. मसुदा पाठवताना ती यादी तुम्हीच भरून पाठवा. प्रयोगवहीत रोज तारीख घाला. आणि ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक, अजून काढला नसेल तर आज काढा. तो फुकट आहे, आणि आपल्याकडे सारख्या नावांची माणसं इतकी आहेत की दुसऱ्याचे पेपर तुमच्या नावावर आणि तुमचे दुसऱ्याच्या नावावर सहज जातात.

पेपर कुठे छापायचा? प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही यूजीसीची अट २०२२च्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती पीएच.डी. विभागात जाऊन लेखी पाहून घ्या, सीनियर सांगतात त्यावर विसंबू नका. मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादीही २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल पारखायची जबाबदारी आता आपल्यावर आहे. माझी कसोटी साधी आहे: तुम्ही ज्यांचे पेपर वाचता ती माणसं त्या जर्नलात लिहितात का? आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलात एक चांगला निकाल घालवला की तो गेलाच, दुसरीकडे पुन्हा छापता येत नाही.

खऱ्या योजनांपैकी तुमच्या टप्प्याला लागू पडणाऱ्या थोड्याच सांगते. पीएच.डी. संपत आली की एएनआरएफची, म्हणजे केंद्राच्या संशोधन निधी देणाऱ्या संस्थेची, राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप पाहा. आधी एसईआरबी ही संस्था जे काम बघायची ते आता एएनआरएफकडे आहे. त्यानंतरची पायरी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची (डीएसटी) पाच वर्षांची इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप. काम जीवशास्त्र-वैद्यकाकडे झुकणारं असेल तर इंडिया अलायन्सच्या फेलोशिप. जर्मनीतल्या लिंडाऊला १९५१पासून नोबेल विजेत्यांच्या सभा भरतात, तिथे ३५ वर्षांपर्यंतचे संशोधक जातात. विषय फिरता असतो, म्हणून रसायनशास्त्राचं वर्ष कधी येतं ते पाहून आधीपासून तयारी करा. आणि आपलं काम मराठीत लिहून पाहा. मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आहेत. त्याने फेलोशिप मिळणार नाही, पण दोन परिच्छेदांत स्वतःचा प्रश्न सांगता येऊ लागतो, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तोच असतो.

हे सगळं सर चांगले आहेत हे गृहीत धरून लिहिलं. ज्यांचे तसे नसतील, जिथे घरची कामं सांगितली जातात, फेलोशिपच्या कागदांवरची सही अडवली जाते, अपमान होतो, त्यांनी एकट्याने सोसू नये. गाईड बदलता येतो. आधी आरएसीतल्या एका सदस्याच्या कानावर घाला, मग लेखी अर्ज करा. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर थेट अंतर्गत समितीकडे जा, २०१३च्या कायद्याने ती प्रत्येक संस्थेत असलीच पाहिजे.

शेवटी पत्र मागण्याबद्दल. “सर, पत्र द्याल का?” असं विचारू नका, त्याला नाही म्हणणं अवघड असतं. “माझ्या कामाबद्दल सविस्तर लिहिता येईल इतकं तुम्ही ते पाहिलं आहे असं तुम्हाला वाटतं का?” असं विचारा. उत्तर देताना ते अडखळले तर आभार मानून दुसऱ्यांकडे जा. होकार आला तर मुदतीच्या तीन आठवडे आधी बायोडेटा, योजनेची माहिती आणि त्यांनी तुमचं कोणतं काम प्रत्यक्ष पाहिलं त्याच्या चार-पाच ओळी पाठवा. काही विभागांत पत्राचा मसुदा विद्यार्थ्यालाच लिहायला सांगतात. तसं झालं तर विशेषणं एकही घालू नका, फक्त काय घडलं ते लिहा. मुदतीच्या चार दिवस आधी एक आठवण पाठवा, आणि दरम्यान पेपर स्वीकारला गेला असेल तर ते त्यातच एका ओळीत कळवा.